'हमारा' म्हणजे कोणाचा? : एका दूरदर्शन-गीताचा सर्वनामविचार

दि. 15 ऑगस्ट 1988 रोजी दूरदर्शनवरून 'मिले सुर मेरा तुम्हारा' हे गीत प्रथम प्रक्षेपित झाले. लोकसेवा संचार परिषदेसाठी निर्माण झालेल्या या सुमारे सहा मिनिटांच्या चित्रगीताचे मूळ हिंदी शब्द पीयूष पांडे यांचे, तर स्वररचना अशोक पत्की यांची. आरंभीचा भैरवीतील आलाप पंडित भीमसेन जोशी यांचा आहे. गीताच्या गेयतेविषयी व त्यातील दृश्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या अर्थाविषयी मात्र 'राष्ट्रीय एकात्मता' या दोन शब्दांपलीकडे सहसा कोणी जात नाही. वस्तुतः हा अर्थ एका सर्वनामावर उभा आहे, व ते सर्वनाम भाषाशास्त्राच्या अभ्यासकास अपरिचित नाही.

हिंदी ध्रुवपदाची रचना व्याकरणदृष्ट्या अगदी साधी आहे. प्रथमपुरुषी एकवचनाची षष्ठी, द्वितीयपुरुषाची षष्ठी, आणि या दोहोंच्या मीलनातून प्रथमपुरुषी अनेकवचनाची षष्ठी, म्हणजे 'हमारा'. आता प्रश्न असा की, या 'हमारा'मध्ये ज्याला उद्देशून बोलले जात आहे तो येतो किंवा नाही? प्रमाण हिंदी याचे उत्तर देत नाही; ते संदर्भावरून घ्यावयाचे असते. (नागपूरकडील बोलीहिंदीत 'अपन' सर्रास ऐकू येतो, ही गोष्ट निराळी.) मराठीत मात्र 'आमचे गाव' आणि 'आपले गाव' यांतील भेद लहान मूलही जाणते. पहिल्यात श्रोता बाहेर राहतो, दुसऱ्यात तो आत येतो. पहिल्यास आपण व्यावर्तक व दुसऱ्यास समावेशक म्हणू. हा भेद द्राविड भाषांत प्राचीन आहे. मराठी व गुजराती या आर्यभाषांत तो द्राविड संपर्काने रुजला असावा, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे.

हिंदीतील आशय अन्य भाषांत नेताना ही संदिग्धता कायम ठेवण्याची सोय सर्वांना नव्हती. तेलुगू कडव्यात 'मन' येतो, 'मा' नव्हे. तमिळमध्ये 'नम्', मलयाळममध्ये 'नम्मुडे', गुजरातीत 'आपणो' येतो. चारही रूपे समावेशक आहेत. हिंदीने जे अध्याहृत ठेवले ते या चार भाषांनी स्पष्ट उच्चारले. गुजरातीने तर आणखी एक पाऊल टाकले आहे. हिंदीतील 'तुम्हारा'च्या जागी तिने एकवचनी, सलगीचे 'तारो' योजले. कन्नडात 'नम्म' आहे. परंतु आजच्या प्रमाण कन्नडात हा भेद उरलेला नसल्यामुळे तिची स्थिती हिंदीसारखीच आहे. बंगालीची गंमत वेगळी. तेथे 'मोदेर', म्हणजे 'आमचा', हे रूप मीलनाच्या फळाला न लागता मीलनापूर्वीच्या एका पक्षाला लागते. तुमचा सूर आणि आमचा सूर असे दोन समूह समोरासमोर उभे राहतात, आणि निष्पन्न होणाऱ्या सुराला स्वामी न देता ऐक्याचे विशेषण दिले जाते.

आणि मराठी? ज्या भाषेजवळ 'आपला' हे अचूक साधन होते तिच्या कडव्यात ते वापरलेलेच नाही. तेथे 'माझ्या' व 'तुमच्या' तारा जुळतात व सुरांचा वर्षाव होतो. तो वर्षाव कोणाचा, हे सांगितलेले नाही. या निवडीस दोष देण्याची घाई करू नये. मराठीतील 'आपला' तिहेरी आहे. तो समावेशक आहे, आत्मवाचक आहे ('जो तो आपले पाहतो'), आणि आदरार्थी द्वितीयपुरुषीही आहे ('आपले पत्र पोचले'). 'तुमचा' या रूपाच्या पाठोपाठ तो आला असता तर सूर दोघांचा की केवळ समोरच्या आदरणीय व्यक्तीचा, असा नवा संभ्रम निर्माण झाला असता. शिवाय 'जुळणे' हे क्रियापद मराठी संगीतव्यवहारातील अस्सल क्रियापद आहे. तंबोरा जुळतो, सूर जुळतात, मनेही जुळतात. जुळताना दोन्ही तारा आपापल्या जागी राहतात. हिंदीतील 'मिलना'मध्ये मात्र मिसळून जाण्याची छटा येऊ शकते. माझ्या मते मराठी कडवे मूळापेक्षा अधिक सावध आहे, व म्हणूनच अधिक खरे आहे.

येथवर व्याकरण झाले. 'आपल्या'त कोण मोजले गेले, हे पाहण्यासाठी भाषांची यादी तपासावी लागते. गीतात 14 भाषा आहेत. 1988 साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत 15 भाषा होत्या. त्यांतून संस्कृत वगळली की गीताची यादी तंतोतंत मिळते. अनुसूचीत 1992 मध्ये कोंकणी, मणिपुरी व नेपाळी, आणि 2003 च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली व संथाली यांची भर पडून ती संख्या 22 झाली. यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने ही वाढ निष्फळ आहे. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांतील कोलामी व गोंडी, तसेच पुसद-दिग्रसकडील बंजारा समाजाची गोरमाटी, यांपैकी एकही भाषा 1988 च्या यादीत नव्हती व आजच्या यादीतही नाही.

यांपैकी कोलामीचे उदाहरण प्रस्तुत विषयास विशेष लागू पडते. मरे एमेनो यांनी वर्धा भागातील कोलामीचे व्याकरण 1955 मध्ये प्रसिद्ध केले. ही मध्य द्राविड शाखेची भाषा समावेशक व व्यावर्तक 'आम्ही' यांसाठी निरनिराळी रूपे राखून आहे. अर्थात या गीताचे कोलामी रूपांतर करावयाचे झाले तर रूपांतरकारास हिंदीप्रमाणे मोघम राहता येणार नाही, आणि मराठीतील 'आपला'प्रमाणे आदरार्थी अर्थाची अडचणही त्याला जाणवणार नाही. समोरचा आत आहे की बाहेर, हे त्याला पहिल्याच ओळीत ठरवावे लागेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे रूपांतर कोलामभाषकांच्या साहाय्याने प्रत्यक्ष करून पाहावे. निवडलेल्या रूपाबरोबरच, ते निवडण्यापूर्वी भाषकाने कोणता प्रश्न विचारला, याचीही नोंद घ्यावी.