पिस्टनवरची खाच

मोटारीचे इंजिन आपल्या हाताने खोलावे आणि आपल्याच हाताने जोडावे, अशी हौस असणारी मंडळी आपल्याकडे थोडीथोडकी नाहीत. अशा माणसाला एक दिवस कोणीतरी सल्ला देतो की, कॅमशाफ्ट बदला, हेडला थोडे फेसिंग मारून घ्या, मग गाडी कशी पळते बघा! गाडी पळेलही. पण या दोन गोष्टी केल्या की इंजिनाच्या आत एका लहानशा जागेची चणचण होते. नवा कॅम व्हॉल्व्हला जास्त खाली ढकलतो, आणि फेसिंगमुळे हेड पिस्टनच्या जवळ येते. मग व्हॉल्व्हला जागा मिळावी म्हणून पिस्टनच्या माथ्यावर खाच घ्यावी लागते. ही खाच घरी घेता येईल का, ते आज पाहू.

उदाहरणाला ओळखीचेच इंजिन घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात होणारी फियाट ११००, जिला पुढे १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले आणि जी २०२३ साली मुंबईच्या टॅक्सीतून कायमची निवृत्त झाली, तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे. सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर. हे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असले, तर सेकंदाला ५० फेरे झाले. तेवढ्या एका सेकंदात प्रत्येक व्हॉल्व्ह २५ वेळा उघडतो नि मिटतो. कारखान्याने दिलेल्या मापात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. मापे आपण बदलली, की मग धोका.

तुम्ही म्हणाल, पिस्टन अगदी वर पोचला की टक्कर व्हायची. तसे नाही. जळालेला धूर ढकलीत पिस्टन वर येतो, तेव्हा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असतो. म्हणजे पिस्टन त्याचा पाठलाग करतो. पिस्टन खाली वळला, की उघडणारा इनलेट व्हॉल्व्ह पिस्टनचा पाठलाग करतो. त्यामुळे सर्वांत कमी अंतर नेमके टोकाला नसते. ते टोकाच्या आधी नि नंतर, साधारण १० अंशांच्या आसपास असते. तेवढ्याच जागी पाहून समाधान मानू नये. सगळा फेरा तपासावा.

तपासायचे कसे? त्याला महागडे यंत्र लागत नाही. मुलांच्या खेळातली प्लॅस्टिसिन घ्या आणि व्हॉल्व्हच्या खाली पिस्टनच्या माथ्यावर तिची जाडसर वडी बसवा. व्हॉल्व्हला तेलाचे बोट लावा, म्हणजे ती चिकटणार नाही. गॅसकेट घालून हेड पूर्ण आवळा, टॅपेट योग्य मापाला लावा आणि पान्याने इंजिन हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवा. हाताला अडल्यासारखे वाटले, तर तिथेच थांबा. जोर लावू नका. हेड काढून वडी ब्लेडने कापा आणि सर्वांत पातळ जागी जाडी मोजा. तेच तुमचे अंतर.

हे अंतर इनलेटला निदान २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला निदान २.५ मिलिमीटर असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. एक्झॉस्टला जास्त का? तो अधिक तापतो आणि लांबतो. शिवाय जोरात फिरताना स्प्रिंग किंचित मागे पडली, तर पाठलाग करणारा पिस्टन त्याला गाठतो. व्हॉल्व्हच्या कडेभोवतीही सव्वा मिलिमीटरच्या आसपास मोकळी जागा हवी. समजा, इनलेटला माप १.२ निघाले, तर खाच ०.८ मिलिमीटर खोल हवी. त्याहून खोल नेण्यात कसलाही फायदा नाही.

पण कापण्यापूर्वी आणखी एक माप घ्या. पिस्टनच्या माथ्याची जाडी किती? खाचेखाली साधारण ५ मिलिमीटर धातू उरत नसेल, किंवा खाच वरच्या रिंगेच्या खोबणीजवळ येत असेल, तर तो पिस्टन बाजूला ठेवा आणि दुसरा आणा. पातळ माथा उष्णतेने आणि दाबाने फुटतो.

कापण्यासाठी जुना व्हॉल्व्ह उपयोगी पडतो. त्याच्या कडेला दाते पाडून घ्यावेत आणि तो टाकाऊ हेडच्या गाइडमधून ड्रिलने फिरवावा. गाइडमुळे तो योग्य जागी आणि योग्य तिरकसपणानेच कापतो. दांड्याला कॉलर बसवली, की ठरलेल्या खोलीच्या पुढे तो जात नाही. हे काम चालू इंजिनाच्या हेडमधून करू नये. त्याचे गाइड झिजेल. शक्य असेल तर पिस्टन बाहेर काढूनच कापावा. अॅल्युमिनियमचा कीस सिलिंडरात राहिला, तर तो भिंतींवर ओरखडे पाडील.

कापून झाल्यावर खाचेच्या कडा बारीक पॉलिश पेपरने गोल करा. धारदार कड तापून लाल होते आणि ठिणगी पडायच्या आधीच इंधन पेटवते. चारही पिस्टनचे वजन तपासा. ते सारखे हवे. दाबाचाही हिशेब करा. या गाडीच्या एका सिलिंडरात २७२ घन सेंटिमीटर येतात. दाबाचे प्रमाण ७.५ धरले आणि खाचांनी १ घन सेंटिमीटर जागा वाढली, तर ते ७.३५ च्या आसपास उतरते. फेसिंगने कमावलेले थोडे इथे परत द्यावे लागते.

सरतेशेवटी नवी वडी ठेवून पुन्हा तीच परीक्षा घ्या. इथे कंटाळा केला, तर वाकलेला व्हॉल्व्ह पिस्टनमध्ये भोक पाडतो आणि इंजिन चालत्या गाडीत, भर रस्त्यात अडकते. तेव्हा घरी करता येईल का, या प्रश्नाचे उत्तर असे: ड्रिल चालवणारा हात पुष्कळांपाशी असतो, पण आधी मोजून नंतर कापण्याचा धीर ज्याच्यापाशी असेल त्याने खुशाल करावे. बाकीच्यांनी पिस्टन लेथवाल्याकडे न्यावा. मात्र मापे स्वतः लिहून न्यावीत.