चेन सॉ विकत घ्यावी काय?

जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक बागा आडव्या केल्या. अशी जाड खोडे कुऱ्हाडीने तोडण्यास फार वेळ लागतो. पेट्रोलवरील चेन सॉ ते काम अल्पावधीत करते. तथापि वर्षाकाठी चार फांद्या छाटणाऱ्यास हातकरवत पुरेशी असून प्रसंगी यंत्र भाड्याने आणणे इष्ट. जुन्या आमराईची नियमित छाटणी करणाऱ्यास, अथवा चार शेजाऱ्यांनी मिळून घेतल्यास, मध्यम किमतीचे यंत्र परवडते. खरेदीपूर्वी साखळी तत्काळ थांबविणारा ब्रेक आहे काय व सुटे भाग तालुक्यात मिळतात काय, हे पाहावे. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे तेल व साखळीचे तेल निराळे असते. पात्याच्या टोकाने कदापि कापू नये. यंत्र उसळून जिवावर बेतते.