संकटकाळातील गाणे

देश ही वस्तू एवढी मोठी, की ती माणसाच्या छातीत एकदम मावत नाही. गाणे तिला बापाएवढी, घराएवढी करते. अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताचे बळ आम्हांला यातच दिसते.

हे संगीत कष्टकऱ्यांच्या जिव्हाळ्याचे. कंपनीच्या दुकानाच्या कर्जात रुतलेल्या खाणकामगाराचे ‘सिक्स्टीन टन्स’ मर्ल ट्रॅव्हिसने १९४६ साली ध्वनिमुद्रित केले. ज्या आवाजाने पोटाचे दुःख सांगितले, त्याच आवाजाने देशाचे नाव घेतले तर ते साध्या माणसाला परके वाटत नाही.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ली ग्रीनवुडचे १९८४ मधील ‘गॉड ब्लेस द यूएसए’ पुन्हा गाजू लागले. नोव्हेंबरात अॅलन जॅक्सनने नवे गाणे म्हटले. त्यात गर्जना नाही, शोकाकुलांची विचारपूस आहे. टोबी कीथने २००२ साली, सैन्यात राहिलेल्या दिवंगत पित्याच्या आठवणीने, संतापाचे गाणे दिले. एकाने रडणाऱ्यांना जवळ आणले, दुसऱ्याने मुठी आवळायला लावल्या.

परंतु २००३ च्या मार्चमध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, तेव्हाच्या ‘डिक्सी चिक्स’मधील नॅटली मेन्सने लंडनमध्ये राष्ट्राध्यक्षांविरुद्ध उद्गार काढले, आणि कित्येक नभोवाणी केंद्रांनी त्या गायिकांची गाणीच बंद केली!

श्रोतेहो, रणावर जाणाऱ्यांत कष्टकऱ्यांची मुले असतात. युद्ध कशासाठी, हे विचारण्याचा हक्क त्यांच्या घरांना आहे. म्हणून अभिमान जागवणाऱ्या गाण्याला आम्ही मनापासून साथ देऊ. मात्र जो गात नाही, त्याचे तोंड कोणी दाबू नये.