क्लोन केल्यावर संगणक सुरू होत नाही तेव्हा

सेलूसारख्या तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानातला जुना संगणक वेगवान करायचा, तर हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवणे हा स्वस्तातला उपाय. पण संगणक सुरू झाला नाही, की खापर नव्या डिस्कवर फुटते. बहुतेक वेळा विनाकारण. बायोसमध्ये तिचे नाव दिसत असेल, तर आधी बूटच्या मांडणीकडे पाहावे. क्लोनमध्ये डिस्कची ओळखखूणही उतरते, त्यामुळे दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की विंडोज त्यातली एक ऑफलाइन ठेवू शकते. म्हणून पहिल्यांदा जुनी काढूनच संगणक चालू करावा. ‘सगळे तर कॉपी झाले!’ असे कोणी म्हणेल. पण नुसता सी ड्राइव्ह उतरवला, तर बूटचे छोटे पार्टिशन मागेच राहिलेले असते. तेही आले असेल, तर बायोसमधला बूटचा क्रम तपासा. आणि नवी डिस्क नीट चालेपर्यंत जुनी फॉरमॅट करू नका.