विद्युत्-गिटारीतील गुंजन : तारजोडणी व परिरक्षण यांची मीमांसा

विद्युत्-गिटार विवर्धकास जोडली की, वादकाने एकही तार छेडलेली नसताना ध्वनिक्षेपकातून एक अखंड घुमणारा आवाज ऐकू येऊ लागतो. वादकाने तारांवर हात ठेवताच तो पुष्कळसा ओसरतो आणि हात काढताच पुन्हा उमटतो. वादक आपल्या जागी थोडा वळला, तरीही त्या आवाजात फरक पडतो. या साध्या अनुभवात विद्युत्‌चुंबकशास्त्रातील दोन भिन्न घटना एकत्र आलेल्या असतात. त्यांतील भेद ध्यानात न घेतल्यामुळे तांब्याचा वर्ख लावूनही गुंजन का गेले नाही, हे कित्येकांना उमगत नाही. गुंजन घालविण्याच्या नादात विवर्धकाचे अर्थिंग तोडण्याचा प्रकार तर याहून गंभीर होय. कारण तेथे प्रश्न नादशुद्धीचा न राहता वादकाच्या जीविताचा होतो. प्रस्तुत लेखात या दोन घटनांचे स्वरूप, त्यांवरील उपाय आणि त्या उपायांच्या मर्यादा यांचा क्रमाने विचार केला आहे.

१. पिकअपचे स्वरूप

पोलादी तारांखाली बसविलेला पिकअप म्हणजे एक स्थायी चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले अतिशय बारीक ताम्रतारेचे वेटोळे होय. चुंबकित झालेली तार कंप पावू लागली म्हणजे वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत बदलतो आणि फॅराडे यांच्या नियमानुसार त्यात विद्युत् चालक प्रेरणा निर्माण होते. या तत्त्वावरील गिटारीसाठी जॉर्ज बीचम यांना अमेरिकेत १९३७ साली एकस्व मिळाले. एकेरी वेटोळ्याच्या नेहमीच्या पिकअपमध्ये सुमारे ८,००० फेरे असतात. त्याचा रोध ६ किलोओहमच्या आसपास व प्रवर्तकता २ ते ३ हेन्री असते. त्यातून मिळणारा संकेत स्थूलमानाने १०० मिलिव्होल्टचा धरता येईल. एवढ्या दुर्बल संकेताचे पुढे प्रचंड विवर्धन व्हावयाचे असल्याने मिलिव्होल्टचा अंशही उपेक्षणीय ठरत नाही.

२. चुंबकीय युग्मन

ज्या वेटोळ्याला तारेचा कंप कळतो, त्याला खोलीतील रोहित्रांचे व विद्युत्-वाहिन्यांचे प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रही तितक्याच सहजतेने कळते. वेटोळ्याच्या एका फेऱ्याचे सरासरी क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर धरल्यास ८,००० फेऱ्यांचे एकूण परिणामी क्षेत्रफळ ४.८ चौरस मीटर होते. ५० हर्ट्‌झ कंप्रतेचे केवळ ०.१ मायक्रोटेस्लाचे क्षेत्र असले, तरी त्यात सुमारे ०.१५ मिलिव्होल्टची प्रेरणा उत्पन्न होते. रोहित्राच्या निकट हे क्षेत्र कित्येक पटींनी अधिक असते. म्हणूनच विवर्धकापासून दोन पावले दूर सरल्याने किंवा गिटारीची दिशा बदलल्याने गुंजन कमीजास्त होते.

या क्षेत्राला तांब्याच्या वर्खाने अडविता येत नाही. ५० हर्ट्‌झ कंप्रतेला प्रत्यावर्ती क्षेत्र तांब्यात सुमारे ९ मिलिमीटर खोल गेल्यानंतरच त्याची तीव्रता मूळच्या साधारण ३७ टक्क्यांवर येते. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दशांशाहूनही कमी असते, तेव्हा त्याचा या कामी उपयोग नाही, हे उघड आहे.

खरा उपाय वेटोळ्याच्या रचनेतच आहे. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ साली ज्यासाठी अर्ज केला व १९५९ साली ज्याचे एकस्व मंजूर झाले, त्या हंबकर पिकअपमध्ये दोन वेटोळी शेजारी ठेवलेली असतात. त्यांचे चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध असतात आणि त्यांची विद्युत्-जोडणीही परस्परविरुद्ध असते. तारेचा संकेत दोनदा उलटल्यामुळे दोन्ही वेटोळ्यांत समकलेत येतो व त्याची बेरीज होते. बाहेरचे क्षेत्र मात्र ध्रुवांची पर्वा करीत नाही. ते केवळ जोडणीमुळे एकदाच उलटते आणि त्याची वजाबाकी होते. गुंजनाचे गुंजनाने निरसन करण्याचे हे तत्त्व लव्हर यांच्यापूर्वीही ज्ञात होते. त्यांनी त्याला टिकाऊ व व्यवहार्य रूप दिले. तीन एकेरी पिकअप असलेल्या गिटारीतही मधला पिकअप उलट ध्रुवांचा व उलट फेऱ्यांचा घेतल्यास, तो दुसऱ्यासह चालू असताना हाच लाभ मिळतो.

३. विद्युत् क्षेत्राचे युग्मन

दुसरी घटना चुंबकीय नसून स्थिरविद्युत्-स्वरूपाची आहे. भिंतीतील २३० व्होल्टची वाहिनी आणि गिटारीतील उघडी तार ही एका अत्यल्प धारकतेच्या धारित्राची जणू दोन पट्टेच होत. ही धारकता केवळ १ पिकोफॅराड धरली, तरी ५० हर्ट्‌झला तीमधून सुमारे ७२ नॅनोअँपिअर प्रवाह वाहतो. हा प्रवाह ६ किलोओहमच्या पिकअपमधून भूमिजोडाकडे गेल्यास सुमारे ०.४३ मिलिव्होल्टचा दाब उत्पन्न होतो.

आता २५० किलोओहमचा आवाज-नियंत्रक विद्युत्-दृष्ट्या मध्यावर आणला, असे समजू या. निर्गमबिंदूपाशी दिसणारा रोध आता सुमारे ६४ किलोओहम होतो. त्या बिंदूवर तोच ७२ नॅनोअँपिअर प्रवाह आला, तर ४.६ मिलिव्होल्टचा उपद्रव होतो आणि त्याच वेळी इष्ट संकेत मात्र निम्म्यावर आलेला असतो. संकेत व उपद्रव यांचे गुणोत्तर २३० वरून सुमारे ११ वर घसरते. आवाज किंचित कमी करताच खरखर वाढल्यासारखी का वाटते, याचे स्पष्टीकरण या गणितात आहे. कंप्रता वाढेल तसतसा अशा धारित्राचा अडथळा कमी होतो. त्यामुळे मंदप्रकाश-नियंत्रकांसारख्या उपकरणांतून उद्भवणाऱ्या उच्च हरात्मक कंप्रता याच वाटेने आत येतात. चुंबकीय उपद्रव प्रायः खोल गुंजनाच्या रूपाने ऐकू येतो, तर हा दुसरा उपद्रव पुष्कळदा तीक्ष्ण खरखरीच्या रूपाने.

लेखारंभी उल्लेखिलेल्या स्पर्शाच्या अनुभवाचा उलगडाही येथेच होतो. मनुष्याचे शरीर विद्युत्-वाहक असल्यामुळे ते खोलीतील प्रत्यावर्ती दाब ग्रहण करते आणि गिटारीच्या अगदी निकट एखाद्या आकाशकाप्रमाणे उभे राहते. तारा घोडीमार्गे भूमिजोडाला जोडलेल्या असतात. त्यांना हात लावताच शरीर भूमिजोडाच्या दाबावर येते. जे उपद्रवाचे साधन होते, तेच आता आवरण बनते. अर्थात स्पर्शाने आवाज फारच कमी होत असेल, तर गिटारीचे अंतर्गत परिरक्षण अपुरे आहे, असा निष्कर्ष निघतो.

४. परिरक्षणाची रीत

विद्युत् क्षेत्राला अडविण्यास पातळ वाहक आवरणही पुरेसे होते; मात्र ते अखंड असले पाहिजे आणि भूमिजोडाला जोडलेले असले पाहिजे. गिटारीच्या लाकडातील पोकळ्यांना आतून तांब्याचा वर्ख चिकटवितात किंवा ग्रॅफाइटयुक्त वाहक रंगाचे दोनतीन हात देतात. वर झाकणाऱ्या पट्टीची मागील बाजूही तशीच आच्छादून ती कडेच्या वर्खाला टेकेल, अशी व्यवस्था करावी लागते. वर्खाच्या दोन तुकड्यांमधील गोंद वाहक नसल्यास प्रत्येक सांध्यावर डाखाचा ठिपका द्यावा. वाहक रंगाचा रोध शेकडो ओहम असला तरी बिघडत नाही, कारण अडवावयाचा प्रवाह नॅनोअँपिअरच्या प्रमाणातील असतो. परंतु भूमिजोडापासून तुटलेला वर्खाचा तुकडा उपद्रव थोपवीत नाही. उलट तो शेजारच्या तारेपर्यंत पोहोचवितो. म्हणून काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक भाग भूमिजोडाशी संलग्न आहे काय, हे बहुमापकाने तपासणे अवश्य आहे.

पिकअपपासून नियंत्रकाकडे व तेथून निर्गम-खोबणीकडे जाणाऱ्या तारा जाळीदार आवरणाच्या घ्याव्यात. खोबणीवरील दोन तारा उलट जोडल्यास सर्व आवरणच संकेताची तार बनते व गुंजन असह्य होते. डाखकामात ही चूक वारंवार घडते.

परिरक्षणाची किंमतही मोजावी लागते. आवरण व संकेत-तार यांच्यामध्ये धारकता येते. पिकअपची प्रवर्तकता २.५ हेन्री आणि त्याची स्वतःची व जोडतारेची मिळून धारकता ६०० पिकोफॅराड धरल्यास अनुस्पंदन सुमारे ४,१०० हर्ट्‌झला होते. आवरणामुळे आणखी १०० पिकोफॅराडची भर पडली, तर ते ३,८०० हर्ट्‌झवर उतरते व स्वराची धार थोडी बोथट होते. पिकअपला पितळी टोपण घातल्यास त्यात आवर्त प्रवाह निर्माण होऊन उच्च स्वरांश आणखी क्षीण होतात. म्हणून अधिक रोध असलेल्या जर्मन सिल्व्हरची टोपणे पसंत केली जातात.

५. भूमिवलयाविषयीचा गैरसमज

गिटारीच्या आत भूमिजोडाच्या तारांचे बंद वलय झाले की गुंजन वाढते, असा समज प्रचलित आहे. ५० चौरस सेंटिमीटरच्या अशा एकफेरी वलयात ०.१ मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रामुळे केवळ ०.१६ मायक्रोव्होल्टची प्रेरणा होते, म्हणजे पिकअपमधील प्रेरणेच्या जवळजवळ सहस्रांश. सर्व भूमिजोड एका बिंदूवर आणण्याची शिस्त नीटनेटकेपणासाठी योग्यच आहे. तथापि गुंजनाचे मूळ तेथे शोधणे व्यर्थ होय. दोन विवर्धक एकाच गिटारीला जोडले असता त्यांच्या अर्थिंगमधून होणारे मोठे वलय मात्र खरोखर उपद्रवकारक असते. तेथे संकेताच्या मार्गात विलगक रोहित्र घालणे हा उपाय होय. अर्थिंगची पिन काढून टाकणे हा नव्हे.

६. जीविताचा प्रश्न

गिटारीच्या तारा घोडी, जोडतार आणि विवर्धकाची धातुपेटी या मार्गाने अर्थिंगला जोडलेल्या असतात. पेटीत बिघाड होऊन ती सजीव झाली व अर्थिंग तुटलेले असले, तर तारांवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. अशा वेळी वादकाने दुसऱ्या हाताने अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनला स्पर्श केला, की प्रवाह एका हातातून दुसऱ्या हाताकडे छातीमधून जातो. मायक्रोफोन सजीव व तारा अर्थिंगला जोडलेल्या असल्या, तरी परिणाम तोच. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर मायक्रोफोनला हात लागताच लेस हार्वे हे गिटारवादक मरण पावले. मे १९७६ मध्ये यार्डबर्ड्‌स या वाद्यवृंदाचे पूर्वीचे गायक कीथ रेल्फ यांना आपल्या घरी गिटार वाजवीत असताना असाच मृत्यू आला.

या धोक्यावर उपाय म्हणून तारा व भूमिजोड यांच्यामध्ये ०.३३ मायक्रोफॅराडचे धारित्र आणि त्यास समांतर २२० किलोओहमचा रोधक घालण्याची एक जोडणी प्रसिद्ध आहे. तिचे मूल्यमापन संख्येनेच केले पाहिजे. अमेरिकेतील १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झला या धारित्रामधून सुमारे १५ मिलिअँपिअर प्रवाह जातो; भारतातील २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झला सुमारे २४. साधारण १० मिलिअँपिअरपासूनच स्नायू आकुंचित होऊन हातातील वस्तू सोडणे अवघड होऊ लागते. तेव्हा ही जोडणी येथे जशीच्या तशी उचलणे सुरक्षित नव्हे. ०.००१ मायक्रोफॅराडचे, योग्य सुरक्षा-वर्गातील धारित्र वापरल्यास प्रवाह ०.०७ मिलिअँपिअरपर्यंत उतरतो. मात्र उपद्रव घटविण्याचे कार्यही काही अंशी मंदावते. कोणत्याही धारित्राने अर्थिंगची आणि ३० मिलिअँपिअरला तुटणाऱ्या गळती-संरक्षकाची जागा भरून निघत नाही. गणेशोत्सवाच्या मंडपासारख्या तात्पुरत्या विद्युत्-मांडणीत हे तपासल्यावाचून वादकाच्या हाती गिटार देऊ नये.

७. निदानाचा क्रम

वरील विवेचनावरून निदानाचा एक सोपा क्रम निष्पन्न होतो. आवाज-नियंत्रक शून्यावर आणूनही गुंजन राहिले, तर दोष जोडतारेत किंवा विवर्धकात शोधावा. गिटार फिरविल्याने ते बदलत असेल, तर चुंबकीय युग्मन मानावे आणि दुहेरी वेटोळे अथवा रोहित्रापासूनचे अंतर यांचा आश्रय घ्यावा. तारांना स्पर्श केल्याने ते कमी होत असेल, तर परिरक्षणाची उणीव आहे. स्पर्शाने ते वाढत असेल, किंवा तारांना हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर वादन तत्काळ थांबवून प्रथम अर्थिंग तपासावे. त्या क्षणी नादशुद्धीचा प्रश्न गौण ठरतो.