सायकल काढा, पण घाई नको

पोळ्याच्या सुमारास एक निवृत्त गुरुजी तपासायला आले होते. वय ६३. उपाशीपोटी साखर १६८, रक्तदाब १५० वर ९०, वजन ८१ किलो. उठता-बसता गुडघे कुरकुरतात ही तक्रार वेगळीच. मी सहज म्हणालो, "गुरुजी, नोकरीत असताना तुम्ही चांगले सडपातळ होतात."

ते हसले. "तेव्हा सायकल होती ना, डॉक्टरसाहेब. टेंभुर्णीतून शाळेला रोज सहा किलोमीटर जायचे आणि सहा यायचे. रस्ता कसला, नुसती गाडवाट. पावसाळ्यात चाकात चिखल भरला की आम्ही सायकलवर नाही, सायकल आमच्या खांद्यावर. पुढे मोटारसायकल घेतली आणि सायकल गोठ्यात गेली."

"किती वर्षे झाली?"

"वीस-बावीस."

"आणि साखर कधी निघाली?"

त्यांनी बोटे मोजली. मोटारसायकल आल्यानंतर सातव्या वर्षी.

आता मोटारसायकलमुळेच मधुमेह झाला, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. गुरुजींच्या आईलाही साखर होती, वय वाढले होते आणि शाळेतला चहाही दिवसाला पाच-सहा कप होता. पण रोजचे १२ किलोमीटर अंगातून वजा झाले, त्यांच्या जागी दुसरे काहीच आले नाही, हेही तितकेच खरे. ही एकट्या गुरुजींची गोष्ट नाही. ग्रामसेवक, पोस्टमन, दूध घालणारे, सोसायटीचे सचिव, सगळ्यांची हीच कथा आहे. एके काळी आपल्याकडे तासाच्या भाड्याने सायकल मिळत असे आणि लग्नात जावयाला सायकल दिली तर ती गावभर चर्चेची गोष्ट होती. आज चौकात पान आणायलाही गाडीला किक बसते.

परिणाम दिसतोच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. खेड्यातली हवा चांगली, खेड्यातला माणूस कष्टाळू, म्हणून हे रोग शहरवाल्यांचे, ही समजूत आता सोडून द्यावी.

येथे एक आक्षेप हमखास येतो. "आम्ही शेतकरी माणसे, आम्हाला कसला व्यायाम सांगता?" ज्या बाया दिवसभर वाकून कापूस वेचतात, जो गडी पहाटे पाण्याची पाळी धरतो, त्यांना मी व्यायाम सांगत नाही. त्यांना विश्रांती आणि पोटभर सकस जेवण सांगतो. पण बांधावर गाडी लावून मजुरांवर नजर ठेवणे म्हणजे शेतीकाम नव्हे. ज्याचे त्याने प्रामाणिकपणे ठरवावे.

गुरुजींना मी गोठ्यातली सायकल बाहेर काढायला सांगितले. त्यांना वाटले मी थट्टा करतो. त्यांच्या नातवाने मोबाईलवर त्यांना घट्ट कपडे, डोक्यावर टोप आणि पन्नास-शंभर किलोमीटर दौडणारे सायकलस्वार दाखवले होते. "हे या वयात मला जमायचे नाही," ते म्हणाले. ते करायचेच नाही. मला अभिप्रेत आहे ती रमतगमत चाललेली सायकल. शिवारातून, ओळखीच्या माणसाला रामराम घालत, तुरीला फुलोरा कसा आहे ते बघत चाललेली. वेग किती असावा, याची सोपी खूण अशी: सायकल चालवताना शेजारच्याशी नीट बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणायला गेल्यास धाप लागली पाहिजे. बोलताही येत नसेल तर वेग जास्त झाला. निवांत गाणे म्हणता येत असेल तर थोडे पाय हलवा.

एवढ्या सावकाश चालवून काय होणार, असे वाटेल. सपाट रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर सायकल चालवली तर ६० किलो वजनाच्या माणसाच्या अर्ध्या तासात सुमारे १२० कॅलरी खर्च होतात. गोड चहाच्या दीड कपाएवढ्याच. म्हणजे केवळ वजन उतरवायचे असेल तर ताटावरही लक्ष हवे. खरा फायदा दुसरीकडे आहे. मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. ते काम करू लागले की रक्तातली साखर ओढून घेतात आणि या कामी त्यांना इन्सुलिनवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही. हा परिणाम साधारण एखादा दिवस टिकतो, मग ओसरतो. म्हणूनच रविवारी एकदम चाळीस किलोमीटर मारून आठवडाभर बसून राहण्यापेक्षा रोजचा अर्धा तास मोलाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. पाच दिवस रोज अर्धा तास धरला की १५० मिनिटे झालीच.

सन २०१७ मध्ये ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार लोकांचा अभ्यास ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केला. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये, मोटारीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांच्या तुलनेत, त्या काळात मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. अर्थात मुळात धडधाकट असलेली माणसेच सायकल निवडतात, हेही त्यात काही प्रमाणात असणार. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

हृदयविकाराच्या रोग्यांना सायकलचे नाव काढले की घरचे लोक घाबरतात. त्यांच्यासाठी एक जुनी हकिगत. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. त्या काळी अशा रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून ठेवण्याची पद्धत होती. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. पॉल डडली व्हाइट हे स्वतः उतारवयापर्यंत सायकल चालवणारे गृहस्थ. हृदयाला कायमची सुट्टी देऊ नका, बेताबेताने कामाला लावा, हे त्यांनी साऱ्या देशाला समजावून सांगितले. आयझेनहॉवर बरे झाले आणि १९५६ ची निवडणूक लढवून पुन्हा अध्यक्षही झाले. बोस्टन शहरात नदीकाठच्या सायकलवाटेला आज या डॉक्टरांचे नाव आहे. मात्र ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टांग टाकू नये. चक्कर किंवा फिट येणारे, साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झालेले, यांनीही तसेच.

आता रस्ता. सायकलसाठी आमच्या टेंभुर्णीसारखे गाव (सोलापूरकडची नव्हे, जाफराबाद तालुक्यातली) शहरापेक्षा केव्हाही भाग्यवान. गावाच्या वेशीबाहेर पडले की पाणंद रस्ते, शिवरस्ते सुरू होतात. एका बाजूला वेचणीला आलेला कापूस, दुसरीकडे हरभरा, मधूनच बीजोत्पादनाची पांढरी शेडनेट. अकोलादेवच्या बाजूला जीवरेखा धरणाचे पाणी आहे. तिकडचा गार वारा सकाळी अंगावर घेण्यासारखा असतो. राजूर, जाफराबाद, देऊळगाव राजा या दिशांचे मोठे रस्ते मात्र टाळावेत. पूर्वी त्या रस्त्यांवर बैलगाड्या होत्या, आज भरधाव टेम्पो आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या आहेत. समृद्धी महामार्गावर तर सायकलला बंदीच आहे, आणि ती योग्यच आहे.

पाणंदीला तिचे स्वतःचे त्रासही आहेत. सराट्याचे आणि बाभळीचे काटे ट्यूबला सोडत नाहीत. हवेचा लहान पंप घरात हवाच. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते, त्या दोन-तीन महिन्यांत डांबरी गल्लीतच फेऱ्या माराव्यात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत घरी यावे. आणि महत्त्वाचे म्हणजे शेजारच्या शेतात फवारणी चालू असेल तर तिकडून जाऊच नये. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण वाचले आहे. वाऱ्याबरोबर येणारे ते तुषार व्यायामात जोराने श्वास घेणाऱ्याच्या छातीत अधिक जातात.

गावाच्या नावावरून आठवले. टेंभुर्णी हे झाडाचे नाव. त्याची फळे गोड लागतात, पण व्यापार चालतो तो पानांचा, कारण त्यात तंबाखू वळून विडी होते. सायकलवरून उतरून पारावर विडी शिलगावणारे काही व्यायामपटू माझ्या पाहण्यात आहेत. अर्ध्या तासाची कमाई ते तिथेच उधळतात.

गुरुजींकडे परत येतो. सायकल दुरुस्त झाली. नवे टायर-ट्यूब, नवे ब्रेकचे रबर, चेनला तेल. आठ दिवसांनी गुरुजी रागावून आले. गुडघे आधीपेक्षा जास्त दुखत होते! मी त्यांना दारातच सायकलवर बसायला लावले. सीट इतकी खाली होती की पायडल मारताना गुडघे पोटाला लागत होते. पाय जमिनीला टेकावेत या भीतीने आपल्याकडे बहुतेक प्रौढ माणसे सीट खाली करून घेतात आणि मग गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. तेव्हा पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. चालवताना मात्र टाच नव्हे, चवडा पायडलवर हवा. एवढे जमवले तर गुडघेदुखीवाल्यांना चालण्यापेक्षाही सायकल सोपी जाते, कारण शरीराचे वजन सीट पेलते. चढ आला तर उतरून ढकलत न्यावी, त्यात कमीपणा नाही. मात्र वजन गुडघ्यावर येत नाही म्हणून हाडांना बळकटीही मिळत नाही. तेव्हा वयस्करांनी थोडे चालणेही चालू ठेवावे.

मधुमेहींनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खिशात ग्लुकोजची किंवा साधी साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच उतरून ती तोंडात टाकावी. गूळ-शेंगदाण्याने भागत नाही, शेंगदाण्याला पचायला वेळ लागतो. दुसरे, चप्पल नको, बूट हवा. पायाची संवेदना कमी झालेल्यांना पायडल लागलेले कळत नाही आणि तेवढ्या जखमेवरून बोट गमावण्याची पाळी येते. घरी आल्यावर तळवे पाहावेत.

पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटे पुरेत. मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. थंडीत पहाटे दाट धुके असताना निघू नये, उजाडू द्यावे. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, यांपैकी काही झाले तर "जाईल आपोआप" म्हणून पुढे न जाता थांबावे आणि दवाखाना गाठावा.

गेल्या आठवड्यात गुरुजी पुन्हा आले. साखर १३६, वजन ७८. गोळ्या त्याच. सगळे श्रेय सायकलला देता येणार नाही, कारण चहातली साखरही त्यांनी सोडली आहे आणि रात्रीचा भात निम्मा केला आहे. पण झोप चांगली लागते, असे ते आपणहून म्हणाले. जुन्या शाळेच्या वाटेने ते रोज निम्म्या अंतरापर्यंत जाऊन येतात.

या वेळी सूनबाई बरोबर होत्या. गुरुजींनीच विषय काढला. सूनबाईंना शाळेत असताना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली होती. चार किलोमीटरवरून त्या शाळेला यायच्या. लग्नानंतर सायकल माहेरीच राहिली. आपल्या भागात कितीतरी मुलींना अशा सायकली मिळाल्या आणि कितीतरी घरी त्या दहावी-बारावीनंतर भिंतीला टेकल्या. तिशीत वजन वाढते, चाळिशीत रक्तदाब निघतो, आणि तेव्हा डॉक्टर "फिरायला जा" म्हणतो. कुठे जायचे, कुणाबरोबर, लोक काय म्हणतील, याचे उत्तर डॉक्टरजवळ नसते. गुरुजींनी ते स्वतःच दिले होते. "ही माझ्याबरोबर येईल सकाळी. सासरा बरोबर असल्यावर कोण काय म्हणतो?"

मी सूनबाईंचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९ निघाले. म्हणून तूर्त लोहाच्या गोळ्या, त्याही चहाबरोबर नव्हे तर लिंबूपाण्याबरोबर, आणि जेवणात पालेभाजी व मोड आलेली मटकी. दीड महिन्याने पुन्हा तपासणी. तोवर घराजवळच चक्कर मारायची मुभा दिली आहे. माहेरची सायकल टेम्पोतून आली असून दुकानात दुरुस्तीला पडली आहे.