अठरा फुटांवरचा तीळ

१० ऑगस्ट २०२१. कॅनडात टोरांटोजवळच्या बटनव्हिल विमानतळावर एक छोटं सेस्ना १७२ विमान उतरत होतं. आत दोघंच, एक शिकाऊ आणि एक प्रशिक्षक. धावपट्टी समोर असतानाच धक्का बसला. पक्षी आदळला असेल असं समजून त्यांनी विमान सुखरूप उतरवलं. खाली येऊन पाहतात तर इंजिनाचं आवरण चेपलेलं, प्रोपेलरलाही मार. आदळला होता तो पोलिसांचा ड्रोन, जमिनीपासून ४०० फुटांवर तरंगणारा.

दोघांपैकी एकालाही तो दिसू नये? वैमानिकांना दोष देण्याआधी डोळ्याची अडचण समजून घ्यायला हवी. आपली नजर हालचाल पटकन टिपते. पण टक्कर होणार असते ती वस्तू काचेत जागची हलतच नाही. ती फक्त मोठी होत जाते, आणि तीही अगदी शेवटच्या क्षणांत.

दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान वळणं या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद लागतात, असं अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं मार्गदर्शन सांगतं. १०० नॉट वेगाने विमान तेवढ्यात सुमारे ६४० मीटर जातं. म्हणजे कॅमेऱ्याचा ३५ सेंटिमीटरचा ड्रोन तितक्या लांबून दिसायला हवा. मी हे प्रमाण घरी मांडून पाहिलं: पांढऱ्या भिंतीवर एक काळा तीळ चिकटवला आणि अठरा फूट मागे गेलो. जागा माहीत होती म्हणून ठिपका दिसला. नजर वळवून परत पाहिलं तर शोधावा लागला. वैमानिकासमोर तर पांढरी भिंतही नसते. छपरं, झाडं, रस्ते असतात.

आणि आदळला तर? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डेटन विद्यापीठाच्या संशोधन संस्थेने सुमारे एक किलोचा ड्रोन ताशी ३८० किलोमीटर वेगाने छोट्या विमानाच्या पंखावर डागला. पंखाची पुढची कड फोडून तो आत घुसला आणि पंख तोलून धरणाऱ्या मुख्य तुळईला इजा झाली.

डोळ्याला जमत नाही ते रेडिओला जमतं. ‘एडीएस-बी’ बसवलेलं विमान आपली जागा, उंची आणि वेग सतत प्रसारित करतं. ड्रोनमध्ये फक्त रिसीव्हर असला तरी चालवणाऱ्याला इशारा मिळतो. हजारो ड्रोननीही असंच प्रसारण सुरू केलं तर त्या वाहिनीवर गर्दी होईल, म्हणून अमेरिकेत बहुतेक ड्रोनना ते मना आहे. मग बाजूला होण्याची जबाबदारी ड्रोनवरच यायला हवी, कारण ऐकू त्यालाच येतं.

पण ज्याच्याकडे यंत्रच नाही त्याचं काय? आपल्या कामशेतला पॅराग्लायडर डोंगरधारेवर उसळणाऱ्या वाऱ्यावर तरंगतात, माथ्यापासून थोड्याच उंचीवर. ड्रोन ४०० फुटांच्या खाली आणि माणूस वर, ही वाटणी सपाट रानात ठीक आहे; धारेवर दोघंही एकाच थरात येतात.

तिथे कामाला येतो तो ड्रोनचालकाशेजारी उभा राहणारा निरीक्षक. बटनव्हिललाही असा निरीक्षक होता, पण त्याला या कामाचं प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं, असं चौकशी अहवाल सांगतो. चालक स्वतः कामात इतका गुंतला होता, की जवळ येणाऱ्या विमानाचा आवाजही त्याच्या ध्यानात आला नाही.